सायकीपायी पोत विकू नका
"काहो मास्तर, सोनं मातीमोल होनार हाये म्हन्तेत. पोत इकून टाकू काय?" शेजारच्या काकूंनी परवा कुंपणापलीकडूनच विचारलं. तालुकाभर फिरणारा मजकूर त्यांच्याही मोबाइलवर आला होता : 'नासाने २०२० मध्ये सोन्याचा लघुग्रह शोधला. किंमत एकावर एकोणीस शून्ये इतके डॉलर. सगळे अब्जाधीश होणार. यान निघालंय, २०२९ ला सोनं आणणार, भाव कोसळणार. आपलं लोणार त्याच्याच तुकड्याने झालं.'

मजकुरातला हा लघुग्रह म्हणजे सायकी. तो २०२० मध्ये नव्हे, १७ मार्च १८५२ रोजी सापडला. नेपल्सच्या वेधशाळेतून आन्निबाले दे गास्पारिस यांनी तो टिपला. बोरीबंदर-ठाणे आगगाडीही तेव्हा सुरू व्हायची होती. सापडलेल्या लघुग्रहांत क्रमाने सोळावा, म्हणून त्याच्या नावाआधी १६ लावतात. ऑक्टोबर २०२० मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीने केलेल्या सायकीच्या निरीक्षणांवरचा एक शोधनिबंध आला आणि बातम्यांनी त्याला किमतीचा जुना आकडा चिकटवला, एवढाच २०२० चा संबंध.

सोन्याचं म्हणाल तर घनता बघा. सायकी सरासरी २२० किलोमीटर रुंद आहे. नकाशावर अकोला ते नागपूर सरळ रेघ मारा, साधारण तेवढा. त्याची घनता घन सेंटीमीटरला सुमारे ४ ग्रॅम. सोन्याची १९.३, लोखंडाची ७.९ आणि आपल्या विहिरी खोदताना लागतो त्या काळ्या पत्थराची ३ च्या आसपास. म्हणजे सायकी सोन्यापेक्षा आपल्या पत्थराच्याच जवळचा. फुटलेल्या एखाद्या बालग्रहाचा उघडा पडलेला लोखंडी गाभा असावा, असं पूर्वी मानत. आताचा अंदाज असा की आकारमानाने ३० ते ६० टक्के धातू, उरलेला खडक. धातू म्हणजेही मुख्यतः लोखंड आणि निकेल. लोखंडी उल्कांमध्ये सोनं असतं, पण दहा लाख भागांत एखाद-दुसरा भाग.

एकोणीस शून्यांचा आकडा नासाच्या सायकी मोहिमेच्या प्रमुख लिंडी एल्किन्स-टँटन यांनी मांडला होता, तोही लोखंडाच्या भावाने. सोन्याचा त्यात संबंध नाही. आणि तेवढा माल बाजारात आला तर भाव टिकेल का, हे विदर्भातल्या माणसाला शिकवायला नको. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, म्हणून पुढच्या खरिपात जो तो तूर पेरत सुटला. आवक अशी झाली की बोनससह ५,०५० रुपये हमीभाव असताना व्यापारी त्याखाली मागत होते आणि खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा हलत नव्हत्या. हा मजकूर मात्र एका ओळीत सगळ्यांना अब्जाधीश करतो आणि पुढच्याच ओळीत सोनं मातीमोल करतो. दोन्ही एकदम कसं व्हावं?

यान खरंच निघालंय, १३ ऑक्टोबर २०२३ ला. २०२९ मध्ये ते पोचेल, परतणार नाही. सायकीभोवती घिरट्या घालून फोटो काढणं, चुंबकत्व मोजणं, पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणं एवढंच त्याचं काम. त्याच्याजवळ साधं खुरपंही नाही. नासाच्या दुसऱ्या एका यानाने बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये माती आणली, ती भरली १२१.६ ग्रॅम. आदपावाला तीन-चार ग्रॅम कमीच, आणि त्या मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. पोत डब्यात गेली. मग हळूच म्हणाल्या, "अन् लोनारात बी काईच नाही का?"

सायकी मंगळ आणि गुरू यांच्यामधून, सूर्यापासून ३८ ते ५० कोटी किलोमीटरवरून, पाच वर्षांत एक फेरी मारतो. पृथ्वी १५ कोटींवर, म्हणजे तो इकडे फिरकतही नाही. लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद आहे; तिथे आदळलेली उल्का बहुतेक आघाताच्या उष्णतेतच संपली. मातीतल्या काचमण्यांमध्ये तिचे जे अंश सापडतात, ते खडकाळ जातीच्या उल्केकडे बोट दाखवतात. तरी कोणी कुदळ घेऊन निघालाच असेल, तर तिथे अभयारण्य आहे. आणि २०२० मध्ये खरोखर काही घडलं असेल, तर लोणार त्या वर्षी रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं.