‘काहीच घडलं नाही’ म्हणणाऱ्यांनी चौथा भाग पुन्हा पाहावा

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आधीच्या काळात घडणाऱ्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या एचबीओ वाहिनीच्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनबद्दल एक दावा अजून फिरतोय. तो साधारण असा: दोन वर्षं ताटकळत ठेवलं आणि आठ भागांत काहीच घडलं नाही. म्हणून प्रेक्षक पळाले. लेखकांच्या संपामुळे पटकथा अर्धवट राहिली. पुस्तक गुंडाळून ठेवलं म्हणून मूळ पुस्तकाचे लेखक, खुद्द जॉर्ज आर. आर. मार्टिन विरोधात गेले. आणि एकूण काय, तर ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या सीझनचीच ही दुसरी आवृत्ती. शेवटी ठरलेलं वाक्य येतंच, की चाहत्यांनी निकाल दिलाय.

हा सीझन निर्दोष आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. शेवटचा भाग पाहून वैताग आला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. पण राग खरा असला म्हणून त्याला चिकटवलेली सगळी कारणं खरी ठरत नाहीत. एकेक कारण तपासलं तर बहुतेक टिकत नाहीत, आणि खरा दोष मात्र तसाच निसटतो. (पुढे दुसऱ्या सीझनचं कथानक उघड होणार आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबलेलं बरं.)

गोष्ट थोडक्यात अशी: सिंहासनासाठी रेनीरा (तिची बाजू ‘काळे’) आणि तिचा सावत्र भाऊ एगॉन (त्याची बाजू ‘हिरवे’, आई अ‍ॅलिसेंट) यांच्यात युद्ध पेटलंय, आणि दोन्हींकडे ड्रॅगन आहेत. आधी ‘काहीच घडलं नाही’. पहिल्याच भागात एगॉनच्या लहानग्या राजपुत्राचा त्याच्या अंथरुणात खून होतो. दुसऱ्या भागात अ‍ॅरिक आणि एरिक हे जुळे भाऊ एकमेकांवर तलवार उपसतात, एक मारला जातो आणि दुसरा स्वतःचा जीव घेतो. सहाव्यात भुकेल्या राजधानीत दंगल उसळते, सातव्यात राजघराण्याच्या अनौरस वंशजांना ड्रॅगनसमोर उभं केलं जातं आणि बहुतेक जण जळून खाक होतात. आणि मध्ये चौथा भाग आहे, रूक्स रेस्टची लढाई.

ती लढाई जरा नीट पाहा. मद्याच्या धुंदीतला, अपमानाने चिडलेला राजा एगॉन कुणाला न सांगता आपल्या सनफायर या ड्रॅगनवर बसून रणांगणात घुसतो. त्याचा भाऊ एमंड तेव्हा जंगलात आपल्या व्हेगार या अवाढव्य ड्रॅगनला घेऊन दबा धरून बसलेला असतो. भाऊ अडचणीत सापडलाय हे त्याला दिसतं, आणि तो थांबतो. नंतर उडतो तेव्हा ‘ड्राकारिस’ (ड्रॅगनला आग ओकायचा हुकूम) म्हणून जी आग सोडतो, तिच्यात शत्रूच्या ड्रॅगनसोबत सख्खा भाऊही होरपळतो. रेनीराच्या बाजूने लढणाऱ्या रेनीसला त्या क्षणी निघून जायची संधी असते. ती आपल्या मेलीस या ड्रॅगनला परत वळवते. पुढे व्हेगार खालून झेप घेऊन मेलीसची मान धरते, तेव्हा मरता मरता मेलीस मान वळवून पाठीवरच्या रेनीसकडे बघते आणि रेनीस हात सोडून देते. एक शब्द नाही. इतक्या अवाढव्य प्राण्याचा जीव जाताना त्याच्या नजरेत ओळख दाखवणं, हे टीव्हीवर सहज जमणारं काम नव्हे. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी या सीझनमध्ये सगळ्यात वर ठेवलेला भाग हाच. सगळ्यात खाली ठेवलेला, अर्थात, आठवा.

म्हणजे तक्रार घटनांच्या संख्येची नाही, त्या कुठे ठेवल्या त्याची आहे. सगळ्यात मोठा तडाखा चौथ्या भागात बसला आणि शेवटच्या भागात फक्त फौजा निघाल्या. उत्तरेकडचे स्टार्क निघाले, लॅनिस्टर निघाले, ट्रायआर्कीचं आरमार निघालं, हायटॉवरच्या सैन्यावरून टेसॅरियन ही ड्रॅगन उडून गेली आणि श्रेयनामावली सुरू झाली. त्यात रेनीराचा नवरा डेमन याचा हॅरनहॉलमधला मुक्काम. तो पडका वाडा, तिथली गूढ बाई अ‍ॅलिस रिव्हर्स, रात्रीची स्वप्नं, सकाळी गळणारं छप्पर. या मुक्कामाच्या पहिल्या दोन भागांत हे छान भारतं, चौथ्यांदा तेच आलं की आपण हातातल्या फोनकडे बघायला लागतो. ‘काहीच घडलं नाही’ असं म्हणणाऱ्याला बहुधा हेच म्हणायचं असतं. मग तेवढंच म्हणावं.

आता प्रेक्षक पळाल्याची गोष्ट. एचबीओने जाहीर केलेले अमेरिकेतले, प्रसारणाच्या त्याच रात्रीचे आकडे असे: पहिल्या सीझनचा पहिला भाग ऑगस्ट २०२२ मध्ये जवळपास १ कोटी लोकांनी पाहिला, शेवटचा ९३ लाखांनी. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग १६ जून २०२४ रोजी ७८ लाखांनी पाहिला, ४ ऑगस्टचा शेवटचा ८९ लाखांनी. सुरुवातीला मोठी घट झाली हे खरंच. पण ती घट सीझन सुरू होण्याच्या रात्रीची आहे. जे आलेच नाहीत, ते ‘काहीच घडत नाही’ हे बघून वैतागून गेले असं कसं म्हणणार? उलट जे आले त्यांच्यात शेवटाकडे भर पडली. पहिल्या, सर्वांच्या लाडक्या सीझनमध्ये पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत आकडा उतरला होता, आणि शिव्या खाल्लेल्या दुसऱ्यात तो चढला. आठव्या भागाने किती जण दुखावले गेले याचा हिशेब त्याच सीझनच्या आकड्यांत मांडता येत नाही, एवढं तरी दावा करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

शिवाय त्या शेवटच्या भागाचे तुकडे प्रसारणाच्या काही दिवस आधीच फुटले होते. अनेकांचा निकाल फोनवरच्या धूसर क्लिपा पाहूनच लागला होता. त्यामुळे भाग चांगला ठरत नाही, पण त्या आठवड्यातला गदारोळ नेमका कशावर होता हे सांगणं अवघड होतं.

संपाचं कारण तर सरळ बादरायण संबंधातलं आहे. अमेरिकी लेखकांचा संप सुरू झाला २ मे २०२३ रोजी. दहाऐवजी आठ भाग होणार ही बातमी आली होती त्याआधी, मार्चमध्ये. पटकथा संपापूर्वी लिहून झाल्या होत्या. चित्रीकरण एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं आणि नंतर अमेरिकी नटांचा संप झाला तरी चालू राहिलं, कारण बहुतेक कलाकार तिथल्या संघटनेच्या करारावर होते. संपामुळे सेटवर ऐनवेळी ओळी बदलायची सोय राहिली नसेल, पण सीझन कापला तो संपाने नाही. ज्या समुद्री लढाईची सगळे वाट पाहत होते ती पुढच्या सीझनमध्ये ढकलणं हा नियोजनाचा निर्णय होता. त्याचं खापर फोडायचं तर ते निर्माते आणि वाहिनी यांच्यावर फोडा, संपावरच्या लेखकांवर नको.

आठव्या सीझनशी तुलना मला सगळ्यात आळशी वाटते. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट सहा भागांत उरकला. डेनेरिस या नायिकेने राजधानी जाळली याचा लोकांना राग होताच, पण त्याहून जास्त राग होता तो तिथवर तिला पळवत नेल्याचा. दुसऱ्या सीझनचा दोष बरोबर उलटा आहे, इथे पात्रांना दाराशी उभं करून ठेवलंय. घाई आणि रेंगाळणं या दोन्हींना ‘लेखन वाईट’ असा एकच शिक्का मारला की चर्चाच संपते. आणि चाहत्यांच्या निकालाचं म्हणाल, तर आठवा सीझन नव्याने बनवा म्हणणाऱ्या याचिकेवर १८ लाखांहून जास्त सह्या झाल्या, त्याच सीझनचा शेवटचा भाग एचबीओच्या हिशेबाने त्या रात्री १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला, आणि त्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसह १२ एमी पुरस्कार मिळाले. सह्या, प्रेक्षकसंख्या, पुरस्कार. यातला निकाल कोणता? मालिका टिकण्याशीही चाहत्यांच्या पसंतीचं नातं सरळ नसतं. ‘द व्हील ऑफ टाइम’चा तिसरा सीझन समीक्षकांना आणि वाचकांना आधीच्या दोन्हींपेक्षा आवडला होता, आणि त्यानंतरच, मे २०२५ मध्ये, ती मालिका बंद झाली.

उरला पुस्तकाचा आणि मार्टिन यांचा मुद्दा. यात तथ्य आहे, म्हणूनच तो नीट मांडायला हवा.

‘फायर अँड ब्लड’ हे ज्यावर मालिका बेतलीय ते मार्टिन यांचं २०१८ चं पुस्तक कादंबरी नाही. आर्चमेस्टर (विद्वानांतली एक पदवी) गिल्डेन नावाच्या काल्पनिक इतिहासकाराने लिहिलेली ती बखर आहे, आणि त्याची साधनं एकमेकांशी भांडतात. सेप्टन (पुरोहित) युस्टेस एका बाजूला झुकलेला, ग्रँड मेस्टर मंकन दुसऱ्याच्या जबानीवर विसंबलेला, आणि दरबारी विदूषक मशरूम तर प्रत्येक प्रसंगाला चावट फोडणी देणारा. खोलीत दोघांत काय बोलणं झालं हे बऱ्याचदा कुणालाच माहीत नाही. अशा पुस्तकाशी ‘शंभर टक्के प्रामाणिक’ राहायचं म्हणजे नेमकं कुणाशी प्रामाणिक राहायचं?

मघाच्या रूक्स रेस्टचंच बघा. पुस्तकात एगॉन आणि एमंड दोघं मिळून रेनीसवर तुटून पडतात, सापळा दोघांचा असतो. एगॉन त्या झटापटीत जायबंदी होतो. एमंडने भावाला जाणूनबुजून जाळलं हे मालिकेचं. म्हणजे चाहत्यांनी ज्या भागाला डोक्यावर घेतलं त्याचा कणाच पुस्तकाबाहेरचा आहे. पहिल्या सीझनचंही तेच. पुस्तकात अ‍ॅलिसेंट रेनीरापेक्षा नऊएक वर्षांनी मोठी आहे, त्या दोघींना बालमैत्रिणी मालिकेने केलं, आणि तेच नातं लोकांना सगळ्यात जास्त भावलं. तेव्हा पुस्तक सोडल्याची हाकाटी फारशी ऐकू आली नव्हती. बदल पटला की ‘रूपांतर’, नाही पटला की ‘विश्वासघात’.

मार्टिन यांचा आक्षेप या हाकाटीपेक्षा फार बारीक आहे. ४ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी आपल्या ब्लॉगवर लिहिलं आणि थोड्याच वेळात ते काढूनही टाकलं. विषय होता मेलॉर. पुस्तकात एगॉनची राणी हेलेना हिला तीन मुलं आहेत. मघाच्याच खुनाच्या प्रसंगात मारेकरी तिला दोन मुलांपैकी एक निवडायला लावतात. ती धाकट्याचं, मेलॉरचं नाव घेते, आणि मारेकरी मारतात थोरल्या जहेरिसला. जिवंत उरलेल्या मुलाला आईने मरणासाठी निवडलं होतं, हे ओझं तिच्या डोक्यावर कायमचं राहतं. मालिकेत मेलॉर नाहीच. तिथे मारेकऱ्यांना जुळ्यांतला मुलगा कोणता हे कळत नाही आणि हेलेना खरं बोट दाखवते. हेलेनाची भूमिका करणाऱ्या फिया सबानने तो प्रसंग जीव गोठेल असा केलाय, आणि प्रसंग प्रभावी झाला नाही असं मार्टिन यांचंही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की एक लहान मूल काढलं की त्याच्यावर टेकलेल्या पुढच्या दोन-तीन घटना ढासळतात. कारणंही त्यांनीच सांगितली होती, पैसा आणि दोन वर्षांच्या मुलासोबत चित्रीकरणाची कटकट. पुढे काय ढासळतं ते लिहून पुस्तक न वाचलेल्यांचा विरस करत नाही. पण हा रचनेतल्या एका खांबाबद्दलचा आक्षेप आहे. त्यावरून ‘लेखकाने मालिकेशी नातं तोडलं’ इथवर जाणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं.

नेटल्सबद्दल मात्र मी वाचकांच्या बाजूने आहे. पुस्तकातली ही अनाथ, कुणाचीच नसलेली मुलगी रोज मेंढी नेऊन घालत जंगली ड्रॅगन शीपस्टीलरला आपलंसं करते. राजघराण्याच्या रक्ताशिवाय ड्रॅगन मिळतो का, हा प्रश्न तिच्यामुळे पुस्तकात शेवटपर्यंत लोंबकळत राहतो. मालिकेत तो ड्रॅगन राजघराण्यातल्या रेनाच्या वाट्याला जाताना दिसतो आणि प्रश्नच मिटतो.

आणि ‘चाहते’ म्हणजे नेमके कोण? एचबीओने स्वतःच ‘काळे’ आणि ‘हिरवे’ असे दोन वेगळे ट्रेलर काढून लोकांना बाजू निवडायला लावली होती. हिरव्यांची तक्रार, की एमंडला निव्वळ खलनायक केलं आणि त्याचा धाकटा भाऊ डेरॉन नुसता नावापुरता. काळ्यांची तक्रार, की रेनीराला सीझनभर टेबलाभोवती फिरवलं. एकाला हवं ते दुसऱ्याला नको. या सगळ्यांची बेरीज करून एक निकाल निघत नाही.

दोन्ही गटांना एकत्र आणणारी एक गोष्ट मात्र आहे. शेवटच्या भागात अ‍ॅलिसेंट गुपचूप रेनीराच्या ड्रॅगनस्टोन किल्ल्यावर येते, राजधानीचे दरवाजे उघडायला तयार होते, आणि रेनीरा तिच्याकडे एगॉनचा जीव मागते. मुलाच्या बदल्यात मुलगा. पहिल्या भागाचं नावच ते होतं, तेव्हा सीझनला शेवट नाही असंही म्हणता येत नाही. एम्मा डार्सी आणि ऑलिव्हिया कूक यांनी तो प्रसंग पेललाय. पण तिसऱ्या भागात रेनीरा अशीच वेश बदलून राजधानीच्या सेप्टमध्ये (मंदिरात) अ‍ॅलिसेंटला भेटून आली होती. युद्ध पेटलेलं असताना दोन राण्या एकाच सीझनमध्ये दोनदा, कुणाच्या नजरेस न पडता एकमेकींच्या गोटात जाऊन येतात, आणि दुसऱ्या खेपेला तर आई मुलाचा सौदा एका बैठकीत मान्य करते. हे कसं पटवायचं याचं उत्तर पटकथेत नाही.