जंतू मारले म्हणून पित्तनलिका बऱ्या होत नाहीत

माझ्या धाकट्या भावाला पीएससी आहे. एमपीएससीशी संबंध नाही. हे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. यकृतातला पित्तरस आतड्याकडे नेणाऱ्या नलिका सुजतात, मग जागोजागी चिवट आणि अरुंद होतात, पित्तरस तुंबतो आणि वर्षानुवर्षं यकृत निबर होत जातं. नातेवाइकांना 'पित्तनलिका' सांगितलं की निम्म्यांना त्यातलं 'पित्त' तेवढं ऐकू येतं आणि ते कोकम सरबत सुचवतात. त्याचं आम्ही मनावर घेत नाही. कोकम सरबतानं कुणाचं वाईट झालेलं नाही.

सध्या फिरणाऱ्या एका मेसेजचं मात्र तसं नाही. भावाला तो तिघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: पीएससी यकृताचा आजार नाहीच, तो आतड्यातल्या क्लेब्सिएला नावाच्या जंतूमुळे होतो, हे जपानमध्ये सिद्ध झालंय. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घेऊन हे जंतू मारले की आजार मुळासकट जातो, अमेरिकेत मुलं अशीच बरी झाली. नंतर चांगले जंतू वाढवायला ताक आणि प्रोबायोटिक. रिपोर्ट नॉर्मल आले की कोलोनोस्कोपी आणि एमआरआयवर पैसे घालवू नका.

जपानची गोष्ट हवेतली नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. टोकियोच्या केइओ विद्यापीठातल्या संशोधकांचं ते काम 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. पीएससी आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) असे दोन्ही आजार असलेल्या रुग्णांची विष्ठा त्यांनी जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडली. काही जंतू आतड्याची भिंत ओलांडून पलीकडच्या लसीका ग्रंथींत पोचले. त्यात क्लेब्सिएला न्यूमोनिए होता, प्रोटिअस मिराबिलिस होता, एंटेरोकॉकस गॅलिनेरम होता. भिंतीला भोकं पाडण्याचं काम क्लेब्सिएलाचं, आणि त्यानंतर उंदरांच्या यकृतात दाह वाढवणाऱ्या पेशी जमल्या. काम उत्तम आहे. पण नलिका आवळल्या जाऊन पित्त तुंबणं, म्हणजे प्रत्यक्ष पीएससी, त्या उंदरांत एवढ्यानं उभा राहिला नाही. शिवाय पित्तरस स्वतःच जंतूंवर अंकुश ठेवतो. तो नीट वाहीनासा झाला की आतड्यातली वस्ती बदलणारच. मग रुग्णाच्या विष्ठेत क्लेब्सिएला सापडला, तर तो आजाराचं कारण की परिणाम, हे नुसतं सापडण्यावरून कसं ठरवणार?

'यकृताचा आजार नाहीच' हे तर उघडच चूक. आतड्याशी नातं घट्ट आहे, हे खरं. पीएससीच्या बहुसंख्य रुग्णांना आतड्याचाही दाह असतो. पण मोठं आतडं शस्त्रक्रियेनं पूर्ण काढून टाकलं तरी पीएससी थांबत नाही. काहींना तर आतडं काढल्यानंतर काही वर्षांनी तो पहिल्यांदा लक्षात येतो. जनुकांचाही वाटा आहे, विशेषतः रोगप्रतिकाराशी निगडित एचएलए जनुकांचा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, आणि मेसेजमध्ये त्याचा मागमूस नाही. जंतूच मुळाशी असतील, तर जंतूच नसलेल्या प्राण्याला आजार कमी व्हायला हवा. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये हे तपासलं गेलं. एमडीआर-2 नावाचं जनुक निकामी केलेल्या उंदरांना पीएससीसारखा आजार होतो. असे उंदीर पूर्ण जंतुविरहित वाढवले. 2016 मध्ये निष्कर्ष आला तो उलटाच: त्यांचा आजार जास्त बळावला. याचं एक संभाव्य कारण असं, की यकृतात तयार होणाऱ्या पित्ताम्लांवर आतड्यातले जंतू प्रक्रिया करून त्यांची वेगळी रूपं तयार करतात. जंतुविरहित उंदरांत ती रूपं नव्हती आणि पित्तनलिकांच्या पेशी अकाली म्हाताऱ्या झाल्या होत्या. नंतर याच जातीच्या उंदरांना व्हँकोमायसिन दिलं तेव्हाही आजार वाढला, कारण त्यात उपयोगी जंतू मेले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण मग तो नियम टोकियोच्या उंदरांनाही लावा. दूध नासवणारेही जंतू आणि विरजण लावणारेही जंतूच. सरसकट मारून दोन्ही जातात.

व्हँकोमायसिनबद्दल मेसेज लिहिणाऱ्यानं स्वतःलाच खोटं पाडलंय. व्हँकोमायसिन ग्राम-पॉझिटिव्ह गटातल्या जंतूंवर चालतं. क्लेब्सिएला दुसऱ्या, म्हणजे ग्राम-निगेटिव्ह गटातला. त्याच्याभोवती आणखी एक पटल असतं आणि व्हँकोमायसिनचा मोठा रेणू त्यातून आत शिरत नाही. हे मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या काही धड्यांतलं आहे. म्हणजे गुन्हेगार ठरवला एक आणि बंदूक रोखली भलत्याच्याच दारावर.

मग अमेरिकेतली मुलं? ती खरी आहेत. तोंडावाटे व्हँकोमायसिन दिलेल्या 14 मुलांचा अनुभव 2008 मध्ये छापून आला. त्यांचे रक्ताचे रिपोर्ट सुधारले होते. त्या डॉक्टरांना तर हे औषध जंतूंपेक्षा प्रतिकारशक्तीवर काम करत असावं असं वाटत होतं, पण ते असो. खरी अडचण अशी, की तुलनेला दुसरा गट नव्हता. पीएससीत, विशेषतः मुलांमध्ये, रक्तातले आकडे औषधाशिवायही खाली येतात. 2021 मध्ये 264 मुलांची तुलना झाली: 88 जणांना व्हँकोमायसिन, 88 जणांना अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड (पीएससीत बरेचदा दिलं जाणारं पित्ताम्लाचं औषध) आणि 88 जणांना काहीच नाही. परिस्थितीनं सारखी मुलं निवडून पाहिलं तर तिन्ही गटांचं पुढं साधारण सारखंच झालं. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा आहे, त्यामुळे व्हँकोमायसिनची फाईल कायमची बंद झाली असं मी म्हणणार नाही. एखाद्या रुग्णाला तज्ज्ञ विचार करून ते देतातही. पण मनानं महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेणं म्हणजे औषधाला दाद न देणारे जंतू स्वतःच्याच आतड्यात पोसणं.

ताक खुशाल प्या. प्रोबायोटिकची चाचणी नेदरलँड्समध्ये झाली होती, तिथेही योगायोगानं रुग्ण 14 च. तीन महिने घेऊन यकृताच्या आकड्यांत फरक पडला नाही.

शेवटच्या सल्ल्यानं मात्र माझं डोकं फिरलं. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्त तुंबलं की रक्तात वाढणारा आकडा, नॉर्मल आलं म्हणून पित्तनलिकांचा कर्करोग होणार नाही, असं नसतं. सोबत कोलायटिस असेल तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचाही धोका वाढलेला असतो, म्हणून दरवर्षी-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी सांगतात. ब्रिटिश टेनिसपटू एलेना बाल्टाचाला एकोणिसाव्या वर्षी पीएससीचं निदान झालं. या आजारासह ती अनेक वर्षं व्यावसायिक टेनिस खेळली आणि 2014 मध्ये, वयाच्या तिशीत, यकृताच्या कर्करोगानं गेली. वरून धडधाकट दिसणं आणि आत सगळं ठीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि अँटिबायोटिक खरोखरच तातडीनं लागतं तो प्रसंग मेसेजमध्ये नाहीच: हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे. तुंबलेल्या नलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असू शकते. तेव्हा ग्रुपवर विचारत बसायचं नसतं, त्याच रात्री दवाखाना गाठायचा असतो. आम्ही दोनदा गाठलाय.

भावाची कोलोनोस्कोपी पुढच्या गुरुवारी आहे. आदल्या दिवशी दुधाचे पदार्थ बंद, त्यामुळे त्या दिवशी ताकसुद्धा नाही.