ते घड्याळ खोटं आहे, बाबा

आमच्या बाबांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. गाडी 5:40ची म्हणजे 5:40ची. डेपोत कॅश भरताना दहा रुपये कमी आले तर खिशातून घालायचे आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. अशा माणसाला गेल्या महिन्यात एका वेब पेजवरच्या खोट्या घड्याळाने ₹17,699ची चाट लावली. तेव्हापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय, ती उतरायला तयार नाही.

बाबांना ईपीएस-95ची, म्हणजे पीएफवाली पेन्शन येते, तीन हजारांच्या आसपास. म्हणजे सहा महिन्यांची पेन्शन एका दुपारी गेली.

सुरुवात रीलपासून झाली. कोट घातलेला एक मुलगा विचारतो, मराठी माणूस आयुष्यभर नोकरीतच का अडकतो? खाली लिंक. लिंकवर संपता संपत नाही असं लांबलचक पान. ऑप्शन ट्रेडिंगचा, म्हणजे शेअर बाजारातल्या जोखमीच्या सौद्यांचा वेबिनार, ₹4,999वर काट मारलेली, शेजारी ठळक ₹99. वर लाल पट्टीत घड्याळ उलटं पळतंय, 14:59, 14:58. त्याखाली ‘फक्त 7 जागा शिल्लक’. दर दोन बोटं खाली सरकलं की पुन्हा तेच पिवळं बटण.

मी बारा वर्षं वेबसाइट बनवण्याचंच काम करते. बाबांनी सांगितल्यावर त्या रात्री ते पान उघडून त्याचा कोड वाचत बसले. ते घड्याळ कुठल्याही तारखेला जोडलेलंच नाही. तुम्ही पहिल्यांदा पान उघडलं की ते तुमच्या ब्राउझरमध्ये एक नोंद ठेवतं आणि तिथून पंधरा मिनिटं मोजायला लागतं. माझ्या फोनवर नऊ मिनिटं उरली होती तेव्हा आईच्या फोनवर पान उघडलं, तिथे पूर्ण पंधरा. इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे जुन्या नोंदी न वापरणाऱ्या खिडकीत उघडलं, पुन्हा पंधरा. शून्यावर येऊ दिलं आणि पान रिफ्रेश केलं, परत 14:59. आमच्या धंद्यात याला एव्हरग्रीन टायमर म्हणतात आणि तो तयार विकत मिळतो. ‘7 जागा’मधला सात हा आकडा हाताने टाइप केलेला आहे. त्यामागे बुकिंगची यादी नाही, काही नाही. ‘सोलापूरहून कुणीतरी 2 मिनिटांपूर्वी नोंदणी केली’ अशा ज्या पट्ट्या कोपऱ्यातून वर येतात, ती वीस-बावीस नावांची एक यादी आहे, गोल गोल फिरणारी. रात्री अडीच वाजतासुद्धा सोलापूरहून नोंदणी चालूच होती.

आणि वेबिनार ‘लाईव्ह’ म्हणून दाखवतात, तोही रेकॉर्ड केलेला! शेजारी चॅटमध्ये ‘सर खूप छान’, ‘मी घेतला कोर्स’ असं भराभर येत राहतं, तेही आधीच भरून ठेवलेलं. दुसऱ्या रविवारी मी दुसऱ्या नावाने बसले. त्याच मिनिटाला तेच लोक तेच वाक्य लिहीत होते. रेकॉर्डिंगला कसल्या सात जागा?

बाबांनी मात्र त्या चॅटमध्ये प्रश्न विचारला होता. “साठीनंतर हे जमेल का?” असा. उत्तर येईल म्हणून ते अडीच तास वही-पेन घेऊन बसले होते. पैशांपेक्षा ही गोष्ट मला जास्त छळते.

तीन तास संपता संपता ₹49,999चा कोर्स ‘आज, आत्ता, पुढच्या पंधरा मिनिटांत’ ₹14,999ला. पुन्हा घड्याळ. नको म्हणायचं असेल तर खाली फिकट राखाडी अक्षरात एक ओळ: ‘नाही, मला आहे त्याच परिस्थितीत राहायचं आहे.’ घाम गाळून दोन मुलं शिकवलेल्या माणसाला हे वाचायला लावायचं! बाबांनी पिवळं बटण दाबलं. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर 18 टक्के जीएसटी वर चढला, आधी त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. झाले ₹17,699. आणि सोबतचे ‘₹25,000चे बोनस’ म्हणजे चार पीडीएफ, एक तर दोनच पानांची.

मी विचारलं, बाबा, मला एक फोन का नाही केलात? तर म्हणाले, “अगं, पंधराच मिनिटं होती. तू मीटिंगमध्ये असशील म्हटलं.”

त्या घड्याळाचं काम हेच आहे. माणसाने लेकीला फोन करू नये, शेजाऱ्याला विचारू नये, रात्री झोपून सकाळी ठरवू नये, एवढ्यासाठी ते लावलेलं असतं. माल चांगला असेल तर तो उद्या सकाळीही चांगलाच असतो. ज्याचा माल एका फोनमध्ये उघडा पडतो, त्याला तो फोन होऊ द्यायचा नसतो. आणि ज्याने आयुष्यभर घड्याळावर विश्वास ठेवून गाड्या सोडल्या, त्याला हे घड्याळ खोटं असेल असा संशय तरी कसा यावा?

या धंद्यातले लोक कसं बोलतात ते मी मीटिंगमध्ये ऐकलंय. “मॅडम, टायमर टाका ना, कन्व्हर्जन वाढतं.” म्हणजे पान बघणाऱ्यांपैकी जास्त जण पैसे भरतात. मी विचारते, कुठल्या तारखेपर्यंतचा? “तारीख कशाला, रिसेट होत राहू दे.” अशी दोन कामं मी सोडली, दुसऱ्या कुणीतरी ती केलीच असणार. विकायला माझा विरोध नाही. कोण शिकवणार, काय शिकवणार, एकूण किती पैसे, परत कसे मिळणार हे सरळ लिहा आणि खुशाल विका. फॉर्मची शेवटची तारीख खरी असेल तर तिथे घड्याळही लावा. पण या पानावर वीस आकडे आहेत आणि कामाचा एक आकडा नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024मध्ये सांगितलं की आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. शंभरातले त्र्याण्णव! त्याऐवजी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ‘परिणामांची हमी नाही’ आणि सात दिवसांत रिफंड, तोही सगळ्या असाइनमेंट पूर्ण केल्याचा पुरावा दिला तर. असाइनमेंट दर आठवड्याला एक, अशा आठ. सात दिवसांत आठ आठवडे कसे पूर्ण करायचे?

हे सगळं बेकायदा आहे, आणि तरी राजरोस चाललंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या वेबसाइटवरच्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार दिलेत, त्यातला पहिलाच खोटी घाई. नको म्हणणाऱ्याला लाजवणं आहे, किंमत शेवटी वाढवणंही आहे. जून 2025मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. पण रीलवरून लिंक देऊन आठवड्याला नवं पान उघडणाऱ्या या लोकांकडे कोण बघतंय? पानावर पत्ता नाही, फोन नंबर नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिन बोलू शकतो.

दोन फोन शेजारी ठेवून, दोन्हीवर वेगवेगळी वेळ दिसतेय असा व्हिडिओ मी काढलाय. पेमेंटच्या पावत्या, रिफंडच्या अटी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतलेत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915वर फोन लावला. बाबा शेजारीच बसले होते. तक्रारदाराचं नाव सांगायची वेळ आली तसा त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “तुझं सांग ना. डेपोतल्या पोरांना कळलं तर काय म्हणतील, मास्तर फसले?”