कडाक् वाजलं म्हणजे मणका बसला असं नसतं हो

दर महिन्याला कायरोप्रॅक्टरकडून (म्हणजे हाताने झटके देऊन मणके बसवतो म्हणणाऱ्याकडून) मणके सेट करून घ्या, इम्युनिटी वाढते, झोप सुधारते असं एका लेखात दिलंय. कंबरदुखीपुरतं एकवेळ ठीक, डब्ल्यूएचओच्या २०२३च्या गाइडलाइनमध्येही जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाबरोबर हा पर्याय आहे (आणि आपले लाडके कमरेचे पट्टे नकोत म्हणून सांगितलंय, ते कुणी वाचत नाही), पण इम्युनिटी मधेच कुठून आली? सगळ्या आजारांचं मूळ मणक्यात ही थिअरी १८९५ची, अमेरिकेत डेव्हनपोर्टला डी. डी. पामरने एका बहिऱ्या माणसाच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा त्याचा दावा, त्यावर अख्खी पॅथी उभी राहिली. रील्समध्ये माइक लावून ऐकवतात तो आवाज सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होते त्याचा असतो, हाड जागेवर गेल्याचा नाही. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची पद्धत, ती निदान फुकट तरी होती, इथे तर पॅकेज घ्या म्हणतात!! आणि मान झटक्यात फिरवून घेणाऱ्यांनी जरा जपून, क्वचित का होईना पण मानेतली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत. दिवसभर लॅपटॉपपुढे पोक काढून बसायचं, चालायचं नाव नाही आणि महिन्यातून एकदा पाठ कडकडवून आलं की झालं वेलनेस. पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा कंट्रोल गेला तर मात्र असल्या ठिकाणी न जाता सरळ हॉस्पिटल गाठा.