थर्मिस्टर लावला की हॉल सेन्सर सुधरतो? नाही ओ

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे भागातल्या मेंटेनन्सवाल्यांच्यात सध्या एक मेसेज लई फिरतोय: उन्हाळ्यात हॉल सेन्सर (मॅग्नेट किती जवळ आहे ते व्होल्टमध्ये सांगणारा) चुकीचं दाखवत असला तर आउटपुटला एक एनटीसी थर्मिस्टर (तापला की रेझिस्टन्स उतरणारा पार्ट) लावा, मशीन चालू करताना झिरो मारा (त्या वेळचं रीडिंग शून्य धरा), मॅग्नेटला काय होत नसतंय. तिन्ही चूक. हे वाचून पोरं चांगले सेन्सर काढून टाकायला लागलीत म्हणून लिहितोय.

मॅग्नेटचं आधी सांगतो. तो तापला की ताकद उतरते, फार तापला नसला तर थंड झाल्यावर परत येते. फेराइट मॅग्नेटची डिग्रीला साधारण ०.२ टक्के, निओडिमियमची ०.१२ च्या आसपास. सकाळी २० डिग्रीला असलेला मॅग्नेट दुपारी गरम ऑइलच्या सिलिंडरजवळ ६० ला गेला तर फेराइटचे ८ टक्के गेले की.

आता थर्मिस्टर. एप्रिलात आमच्या पत्र्याच्या शेडमधल्या प्रेसवर हाच ताप झालेला. मॅग्नेट लांब ठेवला, नुसता सेन्सर हेअर ड्रायरनं तापवला, मीटरवर २.५० चे २.५३ व्होल्ट झाले. मॅग्नेट नसताना! मग निओडिमियम मॅग्नेट जवळ धरून दोन्ही तापवले तर ३.५० चे ३.४८, आणि तोच मॅग्नेट लांब नेला तर २.७० चे २.७२. जवळ कमी, लांब जास्त. कारण झिरो, म्हणजे मॅग्नेट नसतानाचा आउटपुट, वर सरकतोय आणि मॅग्नेटचा सिग्नल पाच टक्के उतरतोय, या दोन वेगळ्या चुका आहेत, त्या एकमेकीला झाकतात. एक थर्मिस्टर आउटपुट वर तरी ढकलेल नाहीतर खाली, दोन्हीकडं एकदम कसं जमणार? शिवाय तो बसतो बोर्डावर आणि तापतो मॅग्नेट.

चालू करताना झिरो मारला तर त्या वेळच्या टेंपरेचरची झिरोची चूक तेवढी जाते, दुपारची नाही. खरं सिलिंडरचा रॉड, ज्याची जागा सेन्सर मोजतो, तो मधेच थांबलेला असला तर तीच जागा झिरो धरली जाते, ते जास्त वाईट.

आणि डेटाशीट बघा ओ. डीआरव्ही५०५५ या हॉल सेन्सर चिपच्या ए व्हर्जनमध्ये डिग्रीला ०.१२ टक्के सेन्सिटिव्हिटी वाढायची सोय आतच आहे, निओडिमियमसाठी. त्यावर अजून थर्मिस्टर लावला तर दुप्पट सुधारणा होऊन उलटीच चूक येणार, आणि तिथं फेराइट लावला तर सुधारणा कमी पडणार.

आम्ही थर्मिस्टर काढून मॅग्नेटशेजारी टेंपरेचर सेन्सर लावला, थंड आणि गरम अशा दोन टेंपरेचरला झिरो आणि गेन (मॅग्नेटचा सिग्नल किती येतो ते) वेगवेगळे मोजले, मधल्या टेंपरेचरचा हिशोब कंट्रोलर करतो. सेन्सर अजून जुनाच आहे.