‘सगळा बेसाल्टच, मग दाखवायचं काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

‘भूवैज्ञानिकांनी व्हिजिटिंग कार्डांपेक्षा नोंदी एकमेकांना दाखवाव्यात’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही ठाणे-नवी मुंबईत पायाच्या तपासणीची कामं करता, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात: बोअरचा (जमिनीत घेतलेल्या तपासणीच्या भोकाचा) डेटा क्लायंटचा, तो वाटला तर पुढचं काम गेलं, इकडे सगळा बेसाल्टच, प्रत्येक लॉगमध्ये (बोअरच्या खोलीवार नोंदीत) तेच ‘करडा, मध्यम झिजलेला बेसाल्ट’, मग दुसऱ्याचा लॉग पाहून मिळणार काय, आणि नेटवर्किंग म्हणजे ‘सर, काही ओपनिंग आहे का?’ असे मेसेज, ज्यांना कोणी उत्तर देत नाही. शेवटी विचारलंत, की क्लायंट कोअर बॉक्स (बोअरमधून काढलेले खडकाचे दांडे, म्हणजे कोअर, ठेवायच्या पेट्या) फेकून देतो, त्याचं काय करायचं.

पहिला मुद्दा मान्यच आहे. करारात गोपनीयतेचं कलम असेल तर लेखी परवानगीशिवाय लॉग कुठेही टाकू नये. प्लॉटचं नाव खोडूनही नाही, कारण जमिनीची पातळी आणि गाळाची जाडी बघून या भागात मुरलेला माणूस जागा ओळखतो. पण बघण्यासारखं उघड्यावरही पुष्कळ आहे. मुंब्रा बायपासच्या किंवा खारघरच्या टेकड्यांच्या कापलेल्या दरडींवर कोणाचं कलम नाही (दरड कोसळते म्हणून पावसाळ्यात जाऊ नये, आणि एरवीही पायथ्याशी न थांबता लांबूनच बघावं). मोठ्या सार्वजनिक कामांच्या निविदांना बऱ्याचदा भूतांत्रिक अहवाल जोडलेले असतात. जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं) भूकोश हे पोर्टल आहे आणि डिसेंबर २०२३ पासून राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडारही आहे. तेवढ्यावर बोलायला सुरुवात होते.

दुसरा मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही. ‘सगळा बेसाल्टच’ हे घाटावर एक वेळ चालेल, पनवेल फ्लेक्शरवर, म्हणजे थर वाकून कललेल्या पट्ट्यावर, नाही. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. ठाणे-पनवेल पट्ट्यात ते पश्चिमेकडे कलतात, ठिकठिकाणी १० ते १५ अंश. १० अंशांचा कल धरला तरी पूर्व-पश्चिम ओळीत १०० मीटरवर तोच थर सुमारे साडेसतरा मीटर खाली जातो. म्हणजे एका बोअरमध्ये १२ मीटरवर तांबडा बोल (दोन लाव्हाथरांमधला मऊ लाल मातकट थर) लागला, तर १०० मीटर पश्चिमेच्या प्लॉटवर तो ३० मीटरच्या आसपास शोधायचा. दक्षिण-उत्तर ओळीत बोअर घेतले असतील तर हा कल दिसणारच नाही आणि थर आडवे आहेत असं वाटेल. अशा एकाच ओळीतले तीन बोअर हे सांगू शकत नाहीत. शेजाऱ्याचा लॉग लागतो तो इथे.

आता ‘मध्यम झिजलेला’ या शब्दांबद्दल. घट्ट, सांध्यांनी (नैसर्गिक भेगांनी) भरलेला काळा बेसाल्ट घ्या. कोअर तुकड्यांत येतो, आरक्यूडी (कोअरमधल्या लांब तुकड्यांची टक्केवारी) ३०-४०, पण तुकड्याची ताकद बऱ्याचदा १०० मेगापास्कलच्या वर. आणि ज्वालामुखी ब्रेशिया (तुकडे चिकटून झालेला खडक) किंवा टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) घ्या. सांधे कमी, म्हणून हातभर लांब दांडे निघतात, आरक्यूडी ९०, लॉगवर ‘उत्कृष्ट’, आणि ताकद मात्र बेसाल्टच्या मानाने अगदी कमी. वर काही टफ उघड्यावर आठवडाभरात भुगा होतात. दोन्ही लॉगवर ‘मध्यम झिजलेला’ हेच शब्द, पाइलचं (पायाच्या खोल खांबाचं) सॉकेट, म्हणजे खडकात रुतवायची लांबी, मात्र वेगळी लागते. तुमच्या लॉगमधून हे दुसऱ्याला कळत नसेल, तर तो लॉग गुप्त ठेवला काय नि वाटला काय.

तांबड्या बोलाचा घोळ याहून वाईट. तो मऊ असतो, ड्रिलिंगच्या पाण्यात धुऊन जातो. दीड मीटरच्या रनमध्ये (ड्रिलिंगच्या एका खेपेत) १.१ मीटर कोअर आला, लॉगमध्ये रिकव्हरी ७३ टक्के लिहिली, संपलं. गेलेले ४० सेंटीमीटर कशाचे होते, हे फक्त ड्रिलरला माहीत असतं, कारण परतीचं पाणी लाल झालेलं त्यानं पाहिलेलं असतं. त्याला विचारलं नाही तर पाइलचं टोक नेमकं त्या ४० सेंटीमीटरवर बसू शकतं. पाणी लाल दिसताच रन पाऊण मीटरवर आणावा, डबल ट्यूब बॅरल (कोअर पाण्यापासून वाचवणारी दुहेरी नळी) वापरावा, पाण्याचा दाब कमी करावा; आणि लॉगवर परतीच्या पाण्याचा रंग, पाणी कुठे गायब झालं ती खोली, केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घातलेली नळी) कुठवर होतं, हे लिहावं.

आणखी काही नोंदी घाईत सुटतात. आरक्यूडीत १० सेंटीमीटर आणि त्याहून लांब तुकडे मोजतात. ड्रिलिंगमध्ये किंवा बॉक्समध्ये भरताना मोडलेले, ताज्या कडांचे तुकडे जोडून एकच धरायचे. मोजणी कोअर बाहेर काढल्याबरोबर करायची, वाळून तडकल्यावर नाही. फोटो दोन, एक ओला आणि एक कोरडा, दोन्हींत मोजपट्टी. पारसिक टेकडीच्या पायथ्याशी ‘खडक लागला’ म्हणून दीड मीटरवर थांबू नये. तो घरंगळत आलेला धोंडा असू शकतो, निदान तीन मीटर आत जावं. एसपीटीला (नळी ठोकून जमिनीचा घट्टपणा मोजायच्या चाचणीला) ‘रिफ्युजल’, म्हणजे पुढे जात नाही, एवढंच लिहू नये; किती ठोक्यांत किती सेंटीमीटर गेला ते लिहावं.

तिसरा मुद्दा, म्हणजे ओपनिंगचे मेसेज. त्यांना उत्तर येत नाही, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं. तोच मुलगा ‘बेलापूरच्या दरडीत मांजऱ्या (सच्छिद्र बेसाल्टच्या) थराच्या वर सुमारे ६० सेंटीमीटर तांबडा थर आहे, कल पश्चिमेला १२ अंश मोजला, फोटो जोडलाय, हा बोल की झिजलेला टफ?’ असं विचारेल, तर दोघं-तिघं वाद घालायला येतील, आणि नोकरीची गोष्ट निघाली की त्याचं नाव आठवेल. शास्त्रज्ञाला ईमेल लिहिताना आधी त्यांचा एक पेपर वाचावा आणि त्यातल्या एकाच आकृतीबद्दल एकच प्रश्न विचारावा. बायोडेटा त्या ईमेलला जोडू नये.

माणसं जवळच आहेत. भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे, ओएनजीसीच्या संस्था पनवेलला, इंडियन जिओटेक्निकल सोसायटीचा मुंबई चॅप्टर आहे. १९५८ची जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया बंगळुरूला असली तरी सदस्य व्हायला तिथे जावं लागत नाही. मला सगळ्यात नवल वाटतं ते पायावाल्यांनी भूजलवाल्यांना कधी न विचारण्याचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते. दोन तळघरांचं खोदकाम करणाऱ्याला त्याहून उपयोगी आकडा कुठला? शिवाय विहिरीच्या भिंतीत बोल कुठे लागतो, हे त्यांना ड्रिलरइतकंच ठाऊक असतं.

राहिले कोअर बॉक्स. अहवाल मंजूर झाला की क्लायंटला लेखी विचारा: हे बॉक्स शैक्षणिक वापरासाठी कॉलेजला देऊ का, ठिकाण जाहीर न करता? हरकत घेण्याचं कारण फारसं नसतं, जागा मोकळी होते. होकार लेखीच घ्या. बॉक्सवर आणि प्रत्येक रनच्या ठोकळ्यावर खोली ऑइल पेंटने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते. ब्रेशियाचा एखादा तुकडा २४ तास पाण्यात ठेवून त्याचं काय झालं, तेही चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. सगळे बॉक्स देऊ नका. बोल, ब्रेशिया आणि घट्ट बेसाल्ट यांचा प्रत्येकी एक पुरे. एनएक्स मापाच्या कोअरचा एक मीटर साधारण साडेसहा किलो भरतो, म्हणजे साडेसात मीटरचा बॉक्स लाकूड धरून ५० किलोच्या वर. लोकलने नेता येत नाही, तेव्हा टेम्पोचं भाडं क्लायंट देणार की कॉलेज, हे त्याच पत्रात ठरवून टाका.