घरात कोण कोण राहतं?

इथे न्यू जर्सीत सतराव्या वर्षी पोराला प्रोबेशनरी (म्हणजे काही बंधनं घातलेलं) लायसन्स मिळालं की आनंद त्याला आणि घाम आपल्याला! गाडीच्या विम्याच्या पॉलिसीत त्याचं नाव घातलं रे घातलं की प्रीमियम भडकलाच. न घालावं तर क्लेम अडायची धास्ती. वर रिन्युअलला विमा कंपनीचा तोच प्रश्न: घरात आणखी कोण राहतं? अहो, सासूबाई राहतात! गुडघे धरून जिना चढतात, त्या कशाला हायवेवर जातील? पुण्यात विमा गाडीचा, घरातल्या माणसांची मोजणी नाही; मालकाच्या परवानगीने लायसन्सवाला भाचा चालवो नाहीतर शेजारी. इथे पोरगा गाडी न घेता लांबच्या कॉलेजात गेला, तर प्रीमियमवर मिळणारी सूटसुद्धा आपणच फोन करून मागायची. कंपनीतलं कोणी फोनवर येईपर्यंत ऐका त्यांचं ते रटाळ म्युझिक!